गादीखालचं रॉकेट

संशय घेण्याचाच मला पगार मिळायचा. आखातात, हमरिया फ्री झोनमधल्या एका फॅब्रिकेशन यार्डात मी वेल्डिंग इन्स्पेक्टर होतो. वेल्डर छातीठोकपणे सांगायचा, साब, एकदम पक्का है, आणि मी टॉर्च घेऊन नेमका तोच जोड तपासायला बसायचो. घरी आलो तरी खोड सुटायची नाही. बायको म्हणायची, तुम्ही आमटीतसुद्धा भेगा शोधाल.

मुलगा बारावीला होता. अठरा पूर्ण झाल्यावर बापाच्या व्हिसावर मुलाला ठेवणं म्हणजे कटकट, म्हणून मी त्याचं सगळं ठरवून टाकलं होतं. आमच्याच ऑफिसात चिकटवायचं, कंपनीचा व्हिसा काढायचा, संध्याकाळी काय ते कॉमर्स शिकू दे. मॅनेजरही इन्शाल्ला म्हणाला होता. पोरगं मात्र हल्ली विचित्र वागायचं. मी हॉलमध्ये शिरलो की कॉम्प्युटर बंद. विचारलं तर "नथिंग, बाबा." कुठंतरी पाणी मुरत होतं, हे कळायला इन्स्पेक्टर कशाला लागतो?

एका शुक्रवारी सकाळी तो आईबरोबर रोल्लाच्या बाजारात गेला आणि मी त्याची गादी उचलली. खाली बिनलेबलची सीडी. मेलो, म्हटलं. या वयातली पोरं असल्या सीडीत काय बघतात, हे न कळण्याइतका मी भोळा नव्हतो. पडदे ओढले, आवाज बंद केला आणि सीडी लावली.

हात्तिच्या, रॉकेट! एका रॉकेटचं उड्डाण, तेही स्लो मोशनमध्ये. काही सेकंदांचा मामला दहा मिनिटं ताणलेला. मला पटेना. पुढे नक्की काहीतरी लपवलेलं असणार, म्हणून शेवटपर्यंत बघायचं ठरवलं. बघता बघता माझी जुनी खोड उसळली आणि पेन्सिल घेऊन मी दोष लिहायला लागलो. अंगावरून पांढरे तुकडे गळताहेत, म्हणजे रंग सुटला. खाली धो धो पाणी, म्हणजे पाइप फुटला. जाळ पेटला तरी रॉकेट जागचं हलत नाही, म्हणजे अडकलं. कागद भरत आला. असलं काम मी आमच्या यार्डाच्या गेटबाहेर सोडलं नसतं.

किल्लीचा आवाज मला ऐकूच आला नाही. वळून बघतो तर मुलगा मागे उभा. चोरी पकडली गेली होती, तीही माझी. काहीतरी करायचं म्हणून मी तो दोषांचा कागदच त्याच्या हातात दिला. त्याने वाचला, हसला आणि शेजारी बसून फिल्म पुन्हा लावली. अर्धं इंग्लिश, अर्धं मराठी असं समजावत राहिला. गळतो तो रंग नाही, बर्फ. टाकीतलं इंधन इतकं थंड की हवेतला ओलावा बाहेरून गोठतो. पाणी मुद्दाम सोडतात, नाहीतर इंजिनांच्या नुसत्या आवाजाने रॉकेटला इजा व्हायची. आणि ते अडकलेलं नाही, लाँच पॅडने त्याला क्लॅम्पनी धरून ठेवलंय. इंजिनं पेटली की सगळी नीट जोर लावताहेत का ते तपासतात. जरा शंका आली की सगळं बंद. खात्री पटली तरच क्लॅम्प सुटतात.

वा, म्हटलं, ही तर आपली माणसं. मग यात लपवण्यासारखं काय होतं?

त्याने दप्तरातून एक फॉर्म काढला. भारतातल्या एका कॉलेजचा, एरोनॉटिकल इंजिनिअरिंगचा. सगळा भरलेला, फक्त पालकांच्या सहीची जागा कोरी. पाठवायला जेमतेम आठवडा उरला होता. फॉर्मच्या घडीतून वहीचं एक पान खाली पडलं. पानभर माझी सही. वरच्या ओळी कच्च्या होत्या, पण शेवटच्या मी स्वतःच्या म्हणून बिनतक्रार मान्य केल्या असत्या. माझं डोकंच फिरलं.

"जमली होती की. मग केली का नाहीस?"

या वेळी तो नुसत्या मराठीत बोलला. "तुम्ही करावी असं वाटत होतं."

"मग विचारायचंस."

"तुम्ही आधी माझ्यात चूक शोधली असती, बाबा."

लाज वाटली, अगदी कानापर्यंत. पेन घेतलं आणि फॉर्मवर सही केली, पण हात असा कापत होता की अक्षर धड उमटेना. त्याचं पान शेजारीच पडलं होतं. दोन्ही सह्या निरखून बघितल्या. कुणालाही विचारलं असतं, तर खोटी म्हणून त्याने माझ्याच सहीवर बोट ठेवलं असतं.