काय काय बिघडेल, ते आधी

काकांचा फोन आला तेव्हा मी भांडुपच्या कारखान्यात मशीनवर होते. बॅगांची ऑर्डर निघायची होती, मालक दारातच उभे होते. काकांनी आधी विचारलं, "शोभा, जेवलीस का गं?" मी म्हटलं, नाही, आता डबा उघडणार. तर म्हणाले, "मग जेवून घे. मी नंतर करतो." तेवढ्यावरच मला कळलं. आमच्या गावाकडे, किनवटलाही, माणूस ताटावर असेल तर वाईट बातमी दाराबाहेर थांबवतात. मी म्हटलं, काका, सांगून टाका. ते म्हणाले, "गेली. पहाटे. झोपेतच..." मी उठले नाही. हातातल्या बॅगेची चेन आधी पुरी लावली. अर्धी लावलेली चेन दुसरीच्या हातात गेली की तिला सगळी उसवावी लागते, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. मग डबा तसाच पिशवीत टाकला आणि मुलुंडला गेले.

शैलाताई निमकर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. मुलुंड पूर्वेला दोन खोल्यांचं घर, काका म्हणजे त्यांचे यजमान, आणि त्या. ज्यांना त्या माहीत आहेत त्यांना डोंगरामुळेच माहीत आहेत. हरिश्चंद्रगडापासून महाबळेश्वरपर्यंत सह्याद्रीच्या माथ्यामाथ्याने चालत जायचं, पण एका दमात नाही. नोकऱ्या-संसार असलेली माणसं, इतकी रजा कोण देणार? म्हणून दर हिवाळ्यात एक तुकडा, चार-पाच दिवसांचा. मागच्या वर्षी जिथे थांबलो, बरोबर तिथूनच यंदा सुरुवात. मध्ये रस्ता आहे, गाडी जाते, म्हणून पुढच्या गावात उतरलो, हे चालायचं नाही. रेघ तुटता कामा नये. वेड म्हणा हवं तर. मला तरी सुरुवातीला वेडच वाटलं होतं.

माझी त्यांची ओळख एका फाटक्या सॅकवरून झाली. स्टेशनबाहेरच्या दुकानदारांनी परत पाठवल्यावर त्या थेट आमच्या कारखान्यात आल्या. मालक म्हणाले, आम्ही दुरुस्ती करत नाही. ताई स्टुलावर बसून राहिल्या. शेवटी मालकांनी कंटाळून ती सॅक माझ्याकडे फेकली. मी पट्टा शिवला आणि न विचारता बोलत सुटले, की हा दुसरा पट्टाही जाणार, तळाला ओल धरणार, हे बक्कल थंडीत तडकणार, आणि नेमकं चढणीवर तडकलं तर काय करणार तुम्ही? माझी सवयच ती. लहानपणापासून मला सगळीकडे आधी बिघाड दिसतो. बस चुकेल, दूध नासेल, मामी रागावेल. आठवीनंतर शाळा सुटली आणि मामाबरोबर इकडे आले, तेव्हापासून तर जास्तच. लोक वैतागतात, अशुभ बोलू नकोस म्हणतात. ताई वैतागल्या नाहीत. म्हणाल्या, "आणखी काय काय बिघडेल?" मी सांगत गेले, त्या ऐकत गेल्या. जाताना म्हणाल्या, रविवारी घरी ये, आमच्याकडे भांडणं असतात, तुझी गरज आहे.

भांडणं म्हणजे पुढच्या तुकड्याची आखणी. दिवाळी झाली की रविवारी दुपारी सगळे मुलुंडला जमायचे. बाहेरच्या खोलीत जमिनीवर नकाशा, त्याच्या कोपऱ्यांवर स्टीलचे डबे. घाटकोपरचा मंदार, हा बँकेत, आवाज मोठा. बोरिवलीच्या उज्ज्वलाताई, शाळेत शिकवायच्या, त्या मंदारचं वाक्य कधी पुरं होऊ द्यायच्या नाहीत. आणखी तीन-चार जण येऊन-जाऊन. ताईंची पद्धत उलटी होती. आधी परतीची एसटी ठरायची, मग शेवटचा मुक्काम, मग त्याच्या आदला, असं मागे मागे येत सर्वात शेवटी निघायचा दिवस. मंदार म्हणायचा, ताई, माणसं पुढून मागे येतात की मागून पुढे? तर म्हणायच्या, "जायला काय रे, कुणीही जातं. परत कसं यायचं ते आधी बोल." प्रत्येक मुक्कामावरून खाली कुठल्या गावात उतरता येईल, ती वाटही ठरवून ठेवायची. आणि सगळं ठरलं, सगळे खूश झाले, चहा आला, की माझ्याकडे वळायच्या. "हं. शोभा, आता वाट लाव."

हेच माझं काम. काय काय बिघडेल ते सांगायचं. मी म्हणायचे, एसटी त्या दिवशी आली नाही तर? शाळेच्या व्हरांड्यात झोपणार म्हणता, पण शाळेला सुट्टी नसली आणि पोरं सकाळी लवकर आली तर? कुणाचा बूट फाटला तर? अर्ध्या शंका बावळटच असायच्या. हत्ती येतील का, असंही मी पहिल्या वर्षी विचारलं होतं. मंदार अजून त्यावरून छळतो. पण ताईंचा नियम होता, हसायचं तर हसा, पण उत्तर द्या. उत्तर मिळाल्याशिवाय नकाशाची घडी घालायची नाही. मी इतक्या वर्षांत कितीतरी घरांत, कितीतरी कारखान्यांत घाबरले असेन. तिथे माझ्या घाबरण्याची वाट बघायचे लोक.

तरीही एक गोष्ट आमच्या कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. एका वर्षी पाठीवरचं ओझं कमी व्हावं म्हणून पुढच्या दोन मुक्कामांचा शिधा आधीच एका धनगरवाड्यावर पाठवला होता. डाळ, तांदूळ, गूळ, तेल, सगळं व्यवस्थित बांधून. आम्ही संध्याकाळी तिथे पोचलो तर वाड्यावर ही गर्दी. ज्यांच्याकडे शिधा ठेवला होता त्या आजींनी तो सगळा एकाच वेळी चुलीवर चढवलेला. पाहुण्यांनी पुढे सामान धाडलं, म्हणजे वाड्याला जेवण, असा त्यांचा सरळ हिशेब. आसपासच्या घरांनाही बोलावणं गेलं होतं. मंदारचा चेहरा बघण्यासारखा झाला. ताई मात्र पंगतीत बसल्या, दोनदा भात घेतला, आजींना म्हणाल्या की डाळ फार छान झालीय. पुढचे दोन दिवस आजींनी बांधून दिलेल्या नाचणीच्या भाकऱ्या आणि ठेचा, एवढ्यावर चाललो. मुंबईला परतल्यावर ताई मला म्हणाल्या, "हे कसं गं तुला सुचलं नाही?" मी म्हटलं, ताई, मी बिघाडाचा विचार करते. हा बिघाड कुठे होता? त्यावर बराच वेळ हसल्या.

नकाशा वाचायलाही त्यांनीच शिकवलं. मला त्या रेघा काही केल्या कळत नव्हत्या. मंदार उंचीचे आकडे सांगायचा, मी मान डोलवायचे. एकदा ताईंनी स्वतःच्या साडीचा पदर नकाशावर पसरला आणि चुण्या घातल्या. म्हणाल्या, चुण्या दाटीवाटीने आल्या की कडा, मोकळ्या पडल्या की पठार. झालं. तेवढ्यावर कळलं. बाकी सगळे मला सांगायचे, शोभा, हुशार आहेस, बाहेरून दहावीला बस. चांगल्या मनानेच सांगायचे. ताईंनी एकदाही सांगितलं नाही. का ते मी विचारलं नाही, आणि आता कुणाला विचारणार...

माझ्या पहिल्याच वर्षी ताम्हिणीच्या अलीकडे एक आडवी वाट लागली. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खाली काहीच नाही. बाकीचे गेले. माझे पाय उचलेनात. मंदार पलीकडून ओरडून धीर देत होता, त्याने आणखीच घाबरले. ताई अर्ध्यावरून परत आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. हात धरला नाही, समजावलं नाही. शेंगदाणे काढले. आम्ही दोघींनी ते खाल्ले. मग पलीकडच्यांना हाताने खूण केली, तुम्ही व्हा पुढे, आणि मला म्हणाल्या, चल, खालच्या गावाची वाट ठरवलेलीच आहे, ती ठरवतो कशाला मग? त्या वर्षी त्यांची रेघ माझ्यामुळे तुटली. मला रडू येत होतं, त्या वाटेतल्या करवंदाच्या जाळ्या दाखवत होत्या. पुढच्या हिवाळ्यात नवा तुकडा सुरू व्हायच्या आधी आम्ही दोघीच तिथे गेलो आणि राहिलेलं तेवढं चाललो. त्या आडव्या वाटेवरून मी बसत-सरकत गेले, पण गेले. पलीकडे पोचल्यावर त्या फक्त म्हणाल्या, "सांधलं गं बाई."

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांचा श्वास पुरेनासा झाला. फुप्फुसांचं काहीतरी, नाव मोठं होतं. घरात प्राणवायूचं यंत्र आलं, पलंगाशेजारी दिवसभर घुरघुरायचं. आणि शेवटचा तुकडा तेवढा उरलेला, वरंध्यापासून महाबळेश्वर. दिवाळीनंतरचा रविवार आला तसे आम्ही जमलो, नकाशा या वेळी पलंगावर त्यांच्या पायांवर पसरला. जानेवारीत जायचं ठरलं. एसटी, मुक्काम, खालची गावं, सगळं मागून पुढे ठरत आलं. त्या मध्येमध्ये डोळे मिटून घ्यायच्या, आम्ही गप्प व्हायचो, तर डोळे न उघडताच म्हणायच्या, बोला रे, मी ऐकतेय. शेवटी माझ्याकडे वळल्या. मी सांगितलं, दुसऱ्या दिवसाचं पाणी, आग्या मोहोळ, उज्ज्वलाताईंचा गुडघा. सगळ्यांची उत्तरं झाली. मग मी थांबले.

"एक राहिलं," ताई म्हणाल्या.

मी नकाशाकडेच बघत होते.

"तू बोलणार नाहीस, म्हणून मीच बोलते. मी नसले तर काय करायचं? ठरवा."

मंदारने काहीतरी विनोद केला, तो कुणाला ऐकू गेला नाही. काका उठून आत गेले. उत्तर मिळाल्याशिवाय घडी घालायची नाही हा त्यांचाच नियम, पण त्या दिवशी उज्ज्वलाताईंनी नकाशाची घडी घातली. ताईंनी घालू दिली. त्यानंतर तीन आठवड्यांत त्या गेल्या.

दिवसवार झाले. काकांनी निरोप पाठवला की रविवारी या, नेहमीसारखे. मी दमले होते. बॅगांची ऑर्डर, गावी आईचं आजारपण, तिचे फोन, आणि आत कुठेतरी सारखं हे, की जायचं का, नाही जायचं, तो तुकडा असाच राहणार का. जावंसं वाटत नव्हतं आणि न जाणंही जमत नव्हतं. गेले. नकाशा पुन्हा जमिनीवर होता. पलंग भिंतीला उभा करून ठेवलेला, खोली उगाच मोठी दिसत होती.

आणि भांडणच होईना. मंदार हळू आवाजात म्हणाला, जानेवारीत कुणाचंच मन नाही, होळीनंतर जाऊ. उज्ज्वलाताई म्हणाल्या, हो, चालेल. मुक्काम तेच ठेवू? चालेल. पहिल्या दिवशी जरा जास्त चालू? चालेल. काका दारात बसलेले, त्यांच्यासमोर आवाज चढवायला नको म्हणून जो तो दुसऱ्याचं ऐकत होता. सगळे इतके चांगले वागत होते की मला धडकी भरली. होळीनंतर माथ्यावर पाणी नसतं. दुसऱ्या दिवशीचा झरा जानेवारीत जेमतेम असतो, मार्चमध्ये तिथे ओली मातीसुद्धा मिळणार नाही. हे मंदारला माहीत होतं, उज्ज्वलाताईंना माहीत होतं. तरी सगळे चालेल म्हणत होते. मी वाट बघत बसले. नेहमी मला विचारलं जायचं, मग मी बोलायचे. न विचारता या खोलीत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. आणि आता विचारणारं कुणी नव्हतं. चहा झाला. मंदारने नकाशाच्या कोपऱ्यावरचा डबा उचलला.

"दुसऱ्या दिवशी पाणी नाही," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच फाटका वाटला. सगळे बघायला लागले. मी म्हटलं, होळीनंतर गेलात तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी आडवं होईल, आणि तिथून खाली उतरायची वाट कड्याची आहे, आजारी माणूस उतरवता येणार नाही. शोकात आहोत म्हणून झऱ्याला पाणी येणार नाही. जायचं तर जानेवारीतच. नाहीतर जाऊच नका, रेघ तिथेच राहू दे, पण मग तसं स्पष्ट बोला.

मग मंदार म्हणाला की जानेवारीत त्याला रजा नाही. उज्ज्वलाताई म्हणाल्या, तुला रजा नसते हे आम्ही किती वर्षं ऐकतोय रे. तो म्हणाला, शाळेत असतात तशा सुट्ट्या सगळ्यांना नसतात. त्या म्हणाल्या, शाळेचं नाव काढायचं काम नाही. मग दोघे एकदमच बोलायला लागले. कुणीतरी म्हणालं, दोन दिवस कमी करून बघू, त्यावर तिसराच चिडला. मंदारने डबा पुन्हा कोपऱ्यावर आपटून ठेवला. खोली परत तेवढीच झाली, जेवढी असायची. काका उठले आणि आत गेले. मला वाटलं, त्यांना सोसवलं नाही. पण आतून गॅस पेटल्याचा आवाज आला, आणि मग काकांचा, की दुसरा चहा टाकतोय, साखर कुणाला नको ते आत्ताच सांगा. त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

शेवटी जानेवारीतच जायचं ठरलं, तसा प्रश्न आला, येतोय म्हणून मुक्कामाच्या वाडीवर फोन कोण करणार. ते ताईंचं काम होतं, त्यांचा आवाज फोनवर फार चांगला लागायचा. माझा लागत नाही. मी अडखळते, समोरचा हॅलो हॅलो करत राहतो. फोन उचलणारी बाई आधी विचारणार, ताई कशा आहेत, आणि ते मला सांगावं लागणार. घाबरण्यासारखं एवढं सगळं होतं. सगळं मला दिसत होतं.

मी म्हटलं, मी करते.