तांबड्या नोटा

पौडचा इब्राहिम बहरीनला सुतारकाम करायचा. तिथंही आपलाच रुपया चालायचा, त्यामुळे गावी येणाऱ्याच्या हाती धाडलेला पगार त्याची बायको रोशनबी थेट बाजारात खर्चायची. एकोणसाठ साली सोन्याची चोरटी आयात रोखायला सरकारनं आखातासाठी वेगळ्या, तांबड्या नोटा काढल्या.

पुढच्याच वर्षी रोशनबी अत्यवस्थ असल्याचं कळलं, तसा तो निघाला. बोट मुंबईला लागली तेव्हा बँका बंद होत्या. खिशातल्या जुन्या रुपयांवर तो कसाबसा पौडला पोचला. तिला पुण्याला न्यायचं होतं.

जीपवाला नोट बघून म्हणाला, "ही हितं चालत न्हाई."

"अरं, रुपयाच हाय!"

"व्हय, पर तिकडचा."

उसनवारी करण्यात अर्धा दिवस गेला. मग जीप निघाली, पण भूगावच्या अलीकडेच रोशनबीनं मान टाकली.

बँकेनं नंतर रुपयाला रुपया बदलून दिला. इब्राहिम मात्र पुन्हा बहरीनला गेला नाही.