परण्यात वाजलेली गत

परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळाकडे निघाला होता. पुढे बँड, मागे घोड्यावर नवरदेव. बँडचा क्लॅरनेट जी चाल वाजवत होता ती मी बांधलेली होती, आणि अजून बैठकीत एकदाही वाजवलेली नव्हती. माझ्या शेजारून चालणाऱ्या शेठजींनीही ती ओळखली.

"मास्तर, ही आपलीच का?"

"तशी सारखी वाटते खरी," मी म्हणालो.

"सारखी न्हाई. तीच हाये."

शेठजी जालन्यातल्या एका कापसाच्या जिनिंगचे मालक. नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला त्यांनी माझी बैठक ठेवली होती. अट एकच, गत नवी कोरी हवी, गावात कुणी ऐकलेली नको. पेढीवर बसून मी ती त्यांना गुणगुणून दाखवली होती, तेवढीच.

गत म्हणजे वाद्यासाठी बांधलेली चाल. ती ठरलेल्या मात्रांत फिरते आणि पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, वादक आणि तबलजी एकत्र येतात. माझं वाद्य इलेक्ट्रिक गिटार. मांडीवर आडवं घ्यायचं आणि तारांवर लोखंडी कांडी सरकवायची. त्याला पोकळ पोट नाही, त्यामुळे स्वतःचा आवाज नावालाच. वायर जोडली की आवाज अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यातून येतो. हैदराबादेत एका हॉटेलच्या ऑर्केस्ट्रात मी ते शिकलो. संस्थान गेलं, पाठोपाठ हॉटेल बंद पडलं. मी जालन्याला परतलो आणि गिटारवर राग वाजवू लागलो, नव्या गती बांधू लागलो. बुजुर्गांना वाद्य विलायती वाटे, तरुणांना माझं वाजवणं कंटाळवाणं. माझ्याजवळ काय होतं, तर या चार नव्या चाली. त्या कुणी उचलू नयेत म्हणून मी दारं-खिडक्या लावून रियाझ करी. संशयी स्वभाव आहे माझा, नाकारत नाही.

"ही गत कुनाकुनाला ठाऊक हाये?" शेठजींनी विचारलं.

"मला आणि वहीदभाईंना."

वहीदभाई माझे तबलजी. लग्नसराईत ते तालमीला न जाता ऐनवेळी बँडात ड्रम वाजवत. आत्ताही समोर गळ्यात ड्रम अडकवून तेच चालले होते.

"मंग सगळं साफच हाये की," शेठजी म्हणाले. "दुसरा तबलजी आना. न्हाईतर बैठक नको."

बैठक गेली असती तर मी दुसरी शोधली असती. पण तबलजी बदलला असता तर गावाने त्याचा एकच अर्थ काढला असता. चाली फोडणारा म्हणून नाव झालेल्या साथीदाराला कुणी बोलावत नाही. वहीदभाईंना हयातभर ड्रमच वाजवावा लागला असता. तरीही खरं सांगतो, त्या क्षणी माझाही संशय त्यांच्यावरच होता. राग आला होता, आणि वाईटही वाटत होतं.

संध्याकाळी ते घरी आले. मी चहासुद्धा विचारला नाही.

"गत तुम्ही दिली?"

"मी?" ते उसळले. "मास्तर, मला तर वाटलं तुमीच दिली! परण्यात क्लॅरनेट सुरू झाला तवा मी एक ठेका चुकलो. सहा वर्सं साथ करून राह्यलो, अन् मला न सांगता बँडाला दिली म्हनून दिवसभर जेवलो न्हाई."

"अन् देनार असतो तर बराबर दिली असती," ते पुढे म्हणाले. "ते लोक शेवटची जागा तीनदा घेऊन राह्यले. आपन एकदाच घेतो."

त्यांनी ती तीनदा घेऊन गुणगुणून दाखवली आणि मी ती ओळखली. त्या जागेवर, म्हणजे गतीच्या शेवटच्या सुरावटीवर, कांडी लांबवर घसरवत न्यावी लागते. एकटा वाजवताना मी तिथे हटकून दोनदा चुकायचो आणि तिसऱ्यांदा सूर लागायचा. तबल्याबरोबर थांबता येत नाही, म्हणून साथीला बसल्यावर मी ती एकदाच घेऊन पुढे जाई. तीनदा घेतलेली ती वहीदभाईंनी कधी ऐकलीच नव्हती.

आम्ही तडक बँडमास्तरकडे गेलो. त्याची तालमीची खोली आमच्याच गल्लीत होती.

"चोरी कशाची?" तो म्हणाला. "तुमच्या डब्यातून रोज सकाळी आख्ख्या गल्लीला ऐकू येऊन राह्यलंय. आमाला वाटलं, मास्तर शिकवूनच राह्यले."

दारं लावली होती, खिडक्या लावल्या होत्या, आणि अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण आवाजात सोडला होता.

शेठजींना हे पटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. वहीदभाईंना आत घेऊन मी दार लावलं आणि वाजवायला बसलो. गत संपायच्या आतच दारावर थाप पडली.

"पार रस्त्यापर्यंत येऊन राह्यलं, मास्तर!" ते म्हणाले. मग वहीदभाईंकडे न बघताच पुटपुटले, "तबलजी ऱ्हाऊ द्या. पन गत नवी पायजे."

नवी गत बांधायला वेळ नव्हता. वहीदभाई बोटांवर मात्रा मोजत होते.

"ती जागा तीनदाच घ्या. थोडी अलीकडून उचला. बघा, बराबर समेवर पडते. गत नवीच वाटंल."

एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येण्याला आमच्याकडे तिहाई म्हणतात. माझ्या चुकांची चांगली तिहाई होत होती. वास्तुशांतीच्या बैठकीत आम्ही ती वाजवली. सम आली तशी मंडळींनी माना डोलावल्या. शेठजीही "वा" म्हणाले, मग आपल्याला कुणी फसवलं तर नाही ना, अशा नजरेने आजूबाजूला बघू लागले.

बैठक उठल्यावर बँडमास्तर भेटायला आला. कौतुक करील असं वाटलं होतं.

"मास्तर, तीनदा घ्यायची जागा आमची हाये," तो म्हणाला. "परण्यात ऐकली अन् उचलली तुमी."

मी वहीदभाईंकडे पाहिलं. ते तबल्याला गवसणी घालण्यात गुंतले होते.

तेव्हापासून मी रियाझ वायर काढून करतो. शेजारी विचारतात, वाजवणं सोडलं का? मी हो म्हणतो.