रात्रीची गोळी

बेल्ह्याच्या मोहनबाईंच्या कमरेवर नागीण उठली आणि साडीची कड लागली तरी निखारा टेकल्यासारखं होऊ लागलं. डॉक्टरांनी दिवसातून पाच वेळा घ्यायच्या गोळ्या दिल्या. त्यातली शेवटची रात्री, आणि इथंच घोडं अडलं. मोहनबाईंचा लग्नापासूनचा चौविहार. सूर्य मावळला की पाण्याचा थेंबही नाही. रात्रीची गोळी त्या गुपचूप डबीत टाकून देत.

सुनेनं, डिंपलनं, ते पकडलंच. "मम्मी, नागीण चौविहार पाळते का? रात्रीच तर तुम्हाला लई चावते!"

"चावू दे. नेम मोडायचा नाही."

डिंपल वाद घालत बसली नाही. सकाळी सासूला घेऊन ती थेट जैन स्थानकात गेली. तिथं साध्वी महासतीजी मुक्कामाला होत्या.

सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "रात्री माळ होते का, मोहनबाई?"

"कुठली होते! सगळा जीव कमरेत अडकलेला."

"मग नेम कसला सांभाळताय? आजारात औषधाची सूट असते. घ्या गोळी, आणि मन माळेत लावा."

मोहनबाईंना एकदम हलकं वाटलं. त्या रात्री नवकार मंत्र म्हणून त्यांनी पाण्याबरोबर गोळी गिळली. डिंपलनं लगेच कप पुढं केला.

"दूध घ्या थोडं. साखर घातलीय."

"सूट गोळीला मिळालीय," मोहनबाई माळ उचलत म्हणाल्या, "दुधाला नाही. पी तूच."

डिंपल हसत हसत तिथंच बसून दूध प्यायली.