मृणालच्या खंदकाचं पाणी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. दृष्ट-बिष्ट तर त्याहून नाही. तरी लिहितेय, कारण आमच्या घरात हा विषय काढायची आता सोय राहिलेली नाही.

आम्ही कात्रजला तिसऱ्या मजल्यावर राहतो. पाणी टँकरचं. माझी धाकटी जाऊ मृणाल इंग्लंडला. तिनं तिथल्या एका खेड्यात घर घेतलं — चारी बाजूंनी पाण्यानं भरलेला मध्ययुगीन खंदक असलेलं! तिकडचे बडे शेतकरी म्हणे घराभोवती असे खंदक खणायचे. संरक्षण कमी, शेजाऱ्यांवर छाप जास्त. म्हणजे उपयोग अजून तोच आहे.

जळले मी. खोटं कशाला बोलू? सासूबाईंचं सगळं मी करायचं, आणि आल्यागेल्याला कौतुक सांगायचं ते मृणालच्या खंदकाचं.

त्या दिवशी संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे लख्ख दुपार. खंदकात टिकलीएवढी हिरवी पानं तरंगत होती. सासूबाई मला म्हणाल्या, "दृष्ट लागेल गं घराला, काढून टाक." त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये. मग मीच मीठ-मोहऱ्या-मिरच्या फोनवरून ओवाळल्या. तोंडानं "आल्यागेल्याची दृष्ट जावो" म्हणत होते... मनात एकच, हे घर माझं हवं होतं.

मिरच्या तव्यावर टाकल्या. ठसका नाही, वासही नाही. दृष्ट जबर असली की असं होतं म्हणतात.

तेवढ्यात फोनमधून मृणालचा आवाज, "आई, ताई कुठेयत?"

"ही काय, गॅसपाशी."

"मग खंदकात कोण उतरलंय? पिवळा ड्रेस... ताईच वाटतायत. घराकडे येतायत हो!"

स्क्रीनवर नुसतं हलणारं गवत. सासूबाई मात्र माझ्या पायांकडे बघत होत्या. माझी पिवळी सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि तिला ती हिरवी पानं चिकटलेली. आमच्या नळाला सकाळपासून थेंब नव्हता.

सासूबाईंनी डाव्या हातानं नवीन मीठ-मिरच्या घेतल्या आणि माझ्यावरून उतरवल्या. "परत ये बाई," म्हणाल्या, "माझं कोण करणार?" या वेळी असा ठसका उठला की शेजारच्यांनी बेल वाजवली. तिकडे मृणाल म्हणाली, "गेल्या..."

सासूबाई आता खंदकाचं नाव काढत नाहीत. मृणाल आग्रहानं बोलावते, मी रजा नाही म्हणते. परवा ती सांगत होती, पाणी किती खोल आहे कुणालाच ठाऊक नाही.

मला ठाऊक आहे. काठाशी गुडघाभर. खाली मऊ, गार चिखल, आणि त्यातून पाय लवकर निघत नाही.