पूर्णेच्या तळाशी धाकटे मामा

अख्ख्या वऱ्हाडात समुद्राच्या तळाशी जाऊन पोट भरलेला माणूस एकच झाला, तो म्हणजे माझ्या बायकोचे धाकटे मामा. आणि अख्ख्या वऱ्हाडात ज्यांच्या एकाही शब्दावर कुणी विश्वास ठेवला नाही, असेही तेच एक. अकोल्याच्या भिक्षुकाच्या घरातून मिसरूड फुटायच्या आत पळाले, मुंबईला बोटीवर चढले आणि लढाई संपल्यावर विलायतेच्या उत्तरेकडे, बुडालेल्या जहाजांतून तांबं-पितळ काढणाऱ्या एका कंपनीत पाणबुडे झाले. पन्नास सालानंतर केव्हातरी दोन्ही गुडघे निकामी करून घेऊन ते परत आले, तेव्हा अकोल्याच्या मोठ्या मामांनी त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवलं. समुद्र ओलांडला, काय काय खाल्लं कुणास ठाऊक, आधी प्रायश्चित्त घे, म्हणाले. धाकटे मामा म्हणाले, "इतकी वर्सं पाण्यातच होतो मी, दादा. आता अजून कितीक धुऊन काढता मले?" आणि टांगा वळवून तसेच स्टेशनवर गेले. संध्याकाळी ते अमरावतीला आमच्या दारात उभे होते. मी शाळामास्तर, घर दोन खोल्यांचं. त्यातली पुढची खोली त्या दिवसापासून त्यांची झाली.

बर्फासारख्या समुद्रात आयुष्य काढलेल्या या माणसाला वऱ्हाडाच्या उन्हाळ्यात थंडी वाजायची. वैशाखात सारी अमरावती वाळ्याचे पडदे भिजवत असे, आणि मामा अंगात लोकरीची बंडी घालून, बंबातलं कढत पाणी अंगावर घेत "हाडातलं पाणी अजून निवूनच राहिलं" अशी कुरकुर करत. रोज सकाळी गच्चीवर जाऊन ते जिनिंग फॅक्टरीच्या धुराड्याकडे बघत. धूर आडवा पडलेला दिसला की "आज बाहेर पडायचं काम नाही" असं जाहीर करून पुन्हा अंथरुणात शिरत. मग रेशनची पिशवी घेऊन माझी बायको त्यांच्यासमोर कितीही वेळ उभी राहो. "वारा न पाहता उठणारा माणूस फक्त एकदाच चुकते, बाई," एवढं बोलून ते कूस बदलत.

परक्या घरात शिरताना डावा हात भिंतीला लावून चालायचं, ही त्यांची आणखी एक सवय. बुडालेल्या जहाजात दिवा चालत नाही, चिखल उठला की स्वतःचा हातही दिसत नाही. ज्या भिंतीला धरून आत गेलो तिलाच धरून परतायचं, असा हिशेब. मोर्शीला एका लग्नात त्यांनी हा हिशेब नुकत्याच निळीचा हात दिलेल्या भिंतीवर केला, आणि आतल्या खोलीत पोचल्यावर तोच हात वरबापाच्या नव्या पांढऱ्या कोटावर प्रेमाने ठेवला. वरबाप संत्र्याच्या बागेचे मालक. दोन पंगती उठेपर्यंत त्यांना कुणी सांगायचं हे ठरत नव्हतं. मामा मात्र दाराजवळच्या पाटावर बसून शांतपणे तिसरी जिलबी खात होते.

रंगात आले की सांगत. आठ-आठ दिवस वादळामुळे बोट धक्क्यालाच बांधलेली, उलट्या करून पोटात आतडंही उरलेलं नाही. मग एका सकाळी समुद्र निवतो आणि शिशाचे बूट, पितळेचं डोकं घालून खाली उतरावं तर थंडीने बोटं लाकडाची झालेली. पण एखाद्या दिवशी पाणी काचेसारखं असतं. "जहाजाचा रसोडा पाहिला मी, जावईबापू. कपबशा खुंटीले तशाच टांगून. चहा पिणारेच तेवढे नाहीत." इथपर्यंत ऐकणारे हसत. पण त्यांचा रत्नागिरीकडचा जोडीदार तळाशी अडकला असताना वाऱ्याला भिऊन कप्तानाने नांगर उचलला, आणि कंपनीने चूक मेलेल्या माणसाचीच ठरवली, हे सांगू लागले की लोक घड्याळाकडे बघत. चौकातल्या मंडळींनी त्यांचं नाव 'दर्यासारंग' ठेवलं होतं, आणि ते कौतुकाचं नव्हतं.

मग एका पौषात पूर्णेवर डोंगा बुडाला. पलीकडच्या गावच्या जत्रेसाठी देवाचा चांदीचा मुखवटा घेऊन मोठे मामा आणि देवस्थानची मंडळी नदी ओलांडत होती. नावाड्याने माणसं फार झाली म्हणून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. मधल्या डोहावर डोंगा कलला. बाकीचे कसेबसे काठाला लागले, नावाडी आणि मुखवटा तेवढे खाली राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी देवस्थानची जीप आमच्या दारात आली. ज्या भावाने उंबरा ओलांडू दिला नव्हता, त्याने बोलावणं धाडलं होतं. मामांनी गच्चीवर जाऊन धूर पाहिला, खाली आले आणि म्हणाले, "चला जावईबापू, दोर तुमी धरा." मी म्हटलं, मला यातलं काय कळतं? ते म्हणाले, "काही नाही कळत. पण तुमी भित्रे माणूस. भित्रा माणूस दोर सोडत नाही."

नदीवर थंडी मी म्हणत होती. काठावर नावाड्याची बायको पदर तोंडात धरून बसली होती. मोठे मामा पुढे आले, भावाची विचारपूस नाही, काही नाही. म्हणाले, "आधी मुखवटा काढ. माणूस तर गेलाच आहे." धाकट्या मामांनी दोराचं वेटोळं उचललं. आम्ही दुसऱ्या डोंग्यातून मधोमध गेलो, गळ टाकून बुडालेला डोंगा शोधला, आणि कमरेला दोर बांधून, हातात दगड घेऊन पन्नाशी उलटलेला तो माणूस पाण्यात गेला. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढा, असं ठरलं होतं. पहिल्यांदा रिकामे वर आले. दुसऱ्यांदाही. ओठ काळेनिळे पडलेले. मी म्हटलं, मामा, पुरे. ते म्हणाले, "वल्ह्याच्या दोरात पाय गुतला त्याचा. हाताले लागला," आणि पुन्हा गेले. दोन हिसके आले तेव्हा मी ओढलं, आणि मामांच्या काखेत धरलेला नावाडी वर आला.

काठावर त्या बाईने मामांच्या पायांना हात लावला. मामांनी पाय मागे घेतले. "जिता नाही आणला, बाई," एवढंच म्हणाले. मोठे मामा म्हणाले, "आता मुखवटा." मामांचे दात वाजत होते; कांबळ्यात गुंडाळून मी त्यांना धरलं होतं. ते म्हणाले, "दादा, तुमच्या देवाले श्वास नाही लागत. उन्हाळ्यापर्यंत राहीन तो."

आठवड्याच्या आत अकोल्यापासून अमरावतीपर्यंत बोलवा झाली की मुखवटा त्यांना सापडला होता, त्यांनी तो चिखलात दडवला आणि मागाहून काढून विकला. समुद्रातल्या गप्पांवर ज्यांनी कधी विश्वास ठेवला नाही, त्यांनी या गोष्टीवर मात्र ताबडतोब ठेवला. मोठे मामा त्यांना चोर म्हणाले नाहीत. लोक म्हणत होते तेव्हा ते नुसते गप्प बसले. वैशाखात डोह आटला, फुटक्या डोंग्याखाली मुखवटा जसाच्या तसा मिळाला, वाजतगाजत पलीकडे गेला. आमच्याकडे कुणी आलं नाही. मी मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सापडला का? बरं झालं. गारठला असन बिचारा." त्यानंतर मात्र चौकात जाणं त्यांनी सोडलं. समुद्राची गोष्ट पुन्हा काढली नाही. मी काढली तर "गप्पा होत्या हो त्या" म्हणत. त्या डुबक्यांनी छातीत भरलेला कफ पुढच्या दोन पावसाळ्यांत त्यांना घेऊन गेला.

तेराव्याला मोठे मामा आले. जेवले नाहीत. पुढच्या खोलीत खाटेकडे बघत बसले आणि सगळे पांगल्यावर मला म्हणाले, "शेवटी काही बोलला का माझ्याबद्दल?"

"नाही."

"शिवी तरी दिली असन."

"नाही, मामा. कधीच नाही."

शिवी दिली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला वाटलं. पण खोटं कसं बोलणार. मी त्यांना बडनेऱ्यापर्यंत पोचवायला गेलो. अकोल्याकडची गाडी उशिरा होती. आम्ही दोघे बाकावर बसलो. सिग्नल पडला तेव्हा ते हळूच म्हणाले, "पोहणं मीच शिकवलं त्याले. मोर्णा नदीत. लय भ्यायचा पाण्याले," आणि उपरण्याने तोंड पुसत, गाडी येणार होती त्याच्या उलट बाजूला बघत राहिले.