दुष्काळाची पाहणी आणि एक फिरती कळशी

जायचं ठरलं तेव्हा आधी आनंद झाला आणि लगेच धास्ती वाटली. माझं नेहमी असंच होतं. अणदूरला दुष्काळाच्या पाहणीचं शिक्षण मिळणार होतं. गावात जाऊन पीक किती बुडालं, पाणी किती उरलं, कुणाला काय लागेल, हे कसं बघायचं आणि कसं लिहायचं ते तिथं शिकवणार होते. जमेल त्यांना पुढं खऱ्या पाहणीवर पाठवणार होते. माझी शाळा घरातच सुरू झाली. अक्षरं आईनं चुलीच्या राखेत गिरवून घेतली, हिशेब बाबांनी अंगणात बसून शिकवला. त्यामुळं परक्या लोकांसमोर परीक्षा म्हटली की अजून मला पळून जावंसं वाटतं.

तुम्हाला उस्मानाबादहून जायचं असेल तर सकाळची येष्टी धरा आणि उजवीकडच्या खिडकीत बसा, डावीकडं ऊन भाजून काढतं. तुळजापूरच्या स्टँडवर चहा बरा मिळतो, पण भजी घेऊ नका. मी घेतली आणि नळदुर्गपर्यंत पस्तावले. नळदुर्गला गाडी बदलून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की किल्ला दिसतो. पावसाळ्यात तिथं पाणी कोसळतं म्हणतात. मी गेले तेव्हा बोरी नदीच्या पात्रात शेरडं उभी होती. तिकिटाला फार पडत नाही. भाकरी आणि शेंगाची चटणी मात्र घरूनच न्या.

अणदूरला शाळेच्या एका खोलीत आम्ही बायका उतरलो. तिथं भेटल्या गोदाबाई, उमरग्याकडच्या ग्रामसेविका. वयानं आईएवढ्या, आवाज गल्लीला पुरेल एवढा. माझी वळकटी बघून म्हणाल्या, "पोरी, शिकाया आलीस का नांदाया?" त्या क्षणापासून माझं हसू जे सुटलं ते थांबेना.

शिकवणारे सर कडक होते. त्यांचा एकच धोशा: डोळ्यांनी पाहिलं ते वेगळं लिहा, कानांनी ऐकलं ते वेगळं. पहिल्या दिवशी विहिरीत खडा टाकून पाण्याची खोली अजमावायला लावली. शेत पावलांनी मोजायला लावलं, तर लुगड्यातल्या पावलांमुळं आमचं शेत पुरुषांच्या शेतापेक्षा दीडपट भरलं. मग नाटक. अर्धे लोक अधिकारी, अर्धे दुष्काळी. गोदाबाई बैल मेलेला शेतकरी झाल्या आणि असा हंबरडा फोडला की सर स्वतः उठून पाण्याचा तांब्या घेऊन आले. गोदाबाईंनी पाणी पिऊन मला डोळा मारला. मला हसू आवरेना म्हणून बाहेर काढलं. देवळाच्या कट्ट्यावर बसून हसले आणि मग आता आपण नापास होणार म्हणून रडायलाच आलं.

तिसऱ्या दिवशी जीपनं नळदुर्गवरून जळकोटच्या पुढं एका वस्तीवर नेलं. उतरल्यावर सर म्हणाले, "सराव असला तरी कागद खरा आहे. हा तालुक्याला जाणार. इथं टँकर द्यायचा का नाही ते यावरच ठरेल." गोदाबाई आणि मी एका जोडीत होतो. आमच्या वाट्याला आली आमच्याच समाजाची, बौद्धांची गल्ली.

पहिल्या घरी जयभीम झाला, घोंगडी पसरली आणि दारातच काठोकाठ भरलेली पितळी कळशी. थंडगार पाणी, वर चहा. मी लिहिलं, पाणी पुरेसं. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी पाणी पिऊन पिऊन माझं पोट डुचमळायला लागलं. चौथ्या घरी मात्र कळशीच्या गळ्याजवळचा पोचा मला ओळखीचा वाटला. पहिल्या घरी तो मी नीट पाहिला होता. अशा गोष्टी माझ्या डोळ्यांतून सुटत नाहीत. मी मागच्या कुडाकडं पाहिलं. पाचव्या घरची बाई तिथं उभी होती, आम्ही कधी उठतोय याची वाट बघत. आमच्या पुढं पुढं गल्लीभर एकच कळशी फिरत होती!

गोदाबाईंनीही पाहिलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला, मी ओठ चावला, आणि आम्ही दोघी घोंगडीवर गदगदत बसलो. घरच्या सोजरबाई विचारायला लागल्या, "का वो बाय, चहा गोड न्हाय झाला व्हय?"

हसू ओसरलं तशी धास्ती परत आली. डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं, तर गल्लीत पाणी भरपूर होतं. आणि तसं लिहिलं की टँकर गेला. मी उठले, पदर खोचला आणि म्हणाले, "मावशी, मला पाहुणी नका समजू. माहेरी आलेली लेक समजा." माहेरवाशिणीला कुणी दारात बसवत नाही, ती सरळ चुलीपाशी जाते. मीही गेले. रांजण पालथा होता. कोपऱ्यातल्या घागरीत तळाला गढूळ पाणी, वर फडकं बांधलेलं.

सोजरबाई मागून आल्या आणि दाराला टेकल्या.

"पाहिलंस न्हवं? आता लिव नगंस."

"का मावशी?"

"माजी लेक पहिलटकरीण हाय. पुढल्या महिन्यात बाळंतपणाला आणायची हाय. हितं पाणी न्हाय म्हणून सासरी येवायाला कळलं तर धाडतील का तिला? अन् न्हाईच धाडली तर तिथं तिचं कोण करणार? सासू न्हाय तिला."

"पण टँकर आला नाही तर ती आल्यावर करणार काय?"

"म्या आणीन की झिऱ्याचं. आजवर आणलंच की."

मी म्हणाले, झिरा दाखवा. ओढ्याच्या वाळूत खोदलेला खड्डा, आत वाटीनं भरावं असं झिरपणारं पाणी. सगळ्या वस्तीतल्या बायका रांगेत बसलेल्या. मीही बसले. एक घागर भरेपर्यंत सगळ्या जोड्या जीपपाशी पोचल्या होत्या आणि चालक भोंगा वाजवत होता.

सरांनी माझा कागद पाहिला. पहिल्या घरांपुढचं 'पुरेसं' खोडलेलं, बाकी पाण्याचा रकाना कोरा. खाली एकच ओळ: संपूर्ण वस्ती झिऱ्याच्या पाण्यावर, झिरा आटत आला आहे, स्वतः पाहिला.

"घरवार माहिती कुठंय?"

"देणार नाही, सर." हे मीच बोलले यावर माझा विश्वास बसेना. "झिरा सगळ्यांचा एकच आहे. टँकर वस्तीला येतो, घराला नाही. घरवार लिहून काय मिळणार?"

"नियम आहे."

"मग मला नापास करा. पण टँकर लिहा."

मागून गोदाबाई गरजल्या, "अन् मलापण करा. आमची जोडी हाय!"

सरांनी हातातले बाकीचे कागद चाळले. मग म्हणाले, "बाकीच्या सगळ्या जोड्यांनी पाणी पुरेसं लिहून आणलंय. चहा घेतला असणार प्रत्येकानं." आणि माझ्या ओळीखाली सही केली. परतीच्या वाटेवर गोदाबाईंनी जीपमध्ये जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, आणि मी, जी घरातसुद्धा मोठ्यानं गात नाही, ती त्यांच्यामागं ओरडून गायले.

घरी आले त्याला आता बरेच दिवस झाले. खऱ्या पाहणीवर जाणाऱ्यांत माझं नाव आहे आणि धास्तीही ठरल्याप्रमाणं आहे. अणदूरला तुम्ही जरूर जा, पण पाऊस झाल्यावर. किल्ल्यावरचं पाणी मलाही बघायचंय. एवढं मात्र आई-बाबांना रोज सांगत होते: वस्तीला टँकर सुरू झाला, तरी मी सोजरबाईंचं गुपित फोडलं की नाही आणि त्यांच्या लेकीला धाडलं की नाही, हे मला कळलेलं नाही. बाबा म्हणायचे, सोडून दे. मला सोडता येत नव्हतं.

काल गोदाबाई कामासाठी इथं आल्या होत्या. दारातूनच ओरडल्या, "सोजरबाईची लेक आलीय गं माहेरी! पोरगी झाली. रोज दोन घागरी ऊन पाणी ओततीय म्हातारी, लेकीला एक अन् नातीला एक!"

मी आईचा हात धरून अंगणात गिरकी घेतली.